बालदीतल्या कुर्ल्या

कुणाच्याही नव्या घरात गेले की माझी नजर आधी वर जाते. बाकीच्या बायका फरशी बघतात, ओटा बघतात, फ्रीज केवढा आहे ते बघतात. मी वारा कुठून आत येतो आणि कुठून बाहेर पडतो ते बघते. खिडकीसमोर कपाट लावलेलं दिसलं की त्या घरात मला चहाचा घोटसुद्धा नीट गिळता येत नाही. बोलून दाखवत नाही, तो माझा स्वभाव नाही, पण पायाची बोटं सारखी हलत राहतात. आमच्या घरी थंडीतही खिडकी चार बोटं उघडी असते आणि डासांवरून ह्यांचं नि माझं लग्न झाल्यापासून भांडण आहे. "तुला काय माशासारखे कल्ले आहेत का गो, एवढा वारा लागतो तो?" असं हे विचारतात. मी हसून सोडून देते. कल्ले असले म्हणून सुटका नसते, कल्ल्यांनाही ताजं पाणी लागतं. हे मला ज्या वर्षी कळलं, त्या वर्षाचं या वहीत लिहून ठेवते आहे. वही कपड्यांच्या ट्रंकेत राहील.

तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची असेन. आमचं घर खाडीपासून चढावर, चिऱ्याचं आणि कौलारू. घरात आई, बाबा, आते आणि मी. आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती कायमची, आणि आईच्याही आधीपासून ती या घरात असावी असा तिचा वावर होता. बाबा लोट्याला कंपनीत कामाला होते. पहाटे फाट्यावर कंपनीची बस यायची, तिचा हॉर्न चढावरून आमच्या चुलीपर्यंत ऐकू यायचा, आणि तो ऐकू आला की आई डब्याचं झाकण दाबायची. दुपारी साडेतीनला तीच बस बाबांना परत आणून सोडायची. दिवसाची ही दोन टोकं. मधल्या वेळात भात कांडणं, कुळीथ निवडणं, ओहोटीला खाडीवर जाऊन तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणं, आणि आतेची बोलणी. माझी शाळा चौथीत सुटली होती. पाचवीची शाळा दोन गावं पलीकडे होती हे एक कारण. दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गात उभं राहून वाच म्हटलं की माझा श्वास आत जायचा आणि तिथेच राहायचा, शब्द घेऊन बाहेर यायचा नाही. शाळा सुटली तेव्हा मी रडले नाही. पण तेव्हापासून अंगात काहीतरी अडकून राहिलं होतं, आणि मी एका जागी दहा मिनिटं बसत नसे. आते म्हणायची, "ह्या पोरीच्या पायात भोवरो हाय."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती दहावीपर्यंत शिकली, लग्न होऊन सावर्ड्याला गेली. भावोजी तिथे एका हार्डवेअरच्या दुकानात होते. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात भावोजी तिला घेऊन आले, तेव्हा जावई येणार म्हणून आईने काशीकाकूला कुर्ल्या, म्हणजे खाडीतले खेकडे, सांगून ठेवल्या. काशीकाकू खाडीवरची, चिखलात मांडीपर्यंत उतरून बिळातून कुर्ली काढणारी बाई. तिचा उजवा अंगठा अर्धा कुर्लीनेच नेला होता. आदल्या संध्याकाळी तिने आठ मोठ्या, भरलेल्या कुर्ल्या आणून दिल्या, नांग्या सुंभाने बांधलेल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. "अशाच ऱ्हाऊं द्या पडवीत," एवढं सांगून ती गेली.

मी गोणपाटात डोकावून पाहिलं. त्यांच्या तोंडाशी फेस येत होता, बारीक बुडबुडे, फुटायचे आणि नवे यायचे. मला वाटलं तहानेने जीव जातोय बिचाऱ्यांचा. पाण्यातला जीव आणि गोणपाटात! मी विहिरीवरून दोन कळशा पाणी आणलं, बालदी काठोकाठ भरली, मूठभर मीठ टाकलं, खाडीचं पाणी खारट असतं ना म्हणून, आणि आठही कुर्ल्या अलगद आत सोडल्या. त्या तळाशी बसल्या, फेस थांबला. मला फार बरं वाटलं. बाहेर येऊ नयेत म्हणून वर पाटा झाकला. सकाळी पाटा काढला तर आठही कुर्ल्यांचे पाय लुळे लोंबत होते. बोट लावलं तरी डोळा आत जाईना.

मेलेली कुर्ली कुणी खात नाही. जावयाच्या पानात डाळ, सुकट आणि आईचा उतरलेला चेहरा पडला. भावोजी बिचारे "मला सुकट आवडते" म्हणत तीनदा मागून घेत राहिले. आतेने मात्र संधी सोडली नाही. पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाण्यातलं जनावर पाण्यात बुडवून मारलंन हिनं! आता उद्या बदकाला पोहायला शिकवील." सगळे हसले, ताईसुद्धा. मी चुलीमागे गेले आणि राखेत काडीने रेघा ओढत बसले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी काशीकाकूला गाठलं. तिच्याशी मला बोलता येई, कारण ती बोलताना माझ्याकडे न बघता चिखलाकडे बघायची. मी झालेलं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला, चिखलाचाच. "अगो येडे, बालदीतलं पाणी असतंय केवढं? त्यात वारो असतंय केवढो? आठ जणींनी हुंगला नि संपला. मग त्याच वापरलेल्या पाण्यात त्या बसल्या, वर तुझा पाटा. खाडीत पाणी हलतंय, येतंय, जातंय. बालदीत कुठनं यायचं?" मग तिने नुकतीच काढलेली एक कुर्ली माझ्यासमोर धरली. "हिच्या पाठीखाली कल्ले. ते ओले हायत तवर ही उघड्या वाऱ्यावर दोन-तीन दिस जगते. फेस येतो तो तहानेचा न्हाय, ती आपलं पाणी वाऱ्यात घोळवून परत घेते." बाजूला चिखलावर निवटे, ते उड्या मारणारे बारके मासे, बसले होते, गाल फुगवून. तिने हनुवटीने त्यांच्याकडे दाखवलं. "तो बघ, तोंडात चूळ धरून बसलाय. अंग ओलं ऱ्हावं म्हणून मधीच लोळतो. ज्याची त्याची तऱ्हा. पण वारो सगळ्यांना लागतो, आणि नवो लागतो."

त्या दिवसापासून माझ्या अस्वस्थपणाला एक काम मिळालं. माळ्यावर ताईची जुनी शाळेची पुस्तकं होती, त्यातलं शास्त्राचं मी काढलं. श्वसनाचा एक धडा होता. मी तो अक्षर लावत लावत वाचला, आणि वाचलेलं खरं आहे का ते बघत परसात हिंडू लागले. नाकतोड्याला नाक नसतंच, पोटाच्या कडेला भोकं असतात असं लिहिलं होतं. मी एक नाकतोडा पकडून त्याच्या पोटाचं वरखाली होणं मोजलं. गांडुळाला फक्त कातडी, तीही ओली हवी. बेडकाला दोन्ही, छातीही आणि कातडीही. झाडाच्या पानांना खालच्या बाजूने बारीक तोंडं. मला हे सगळं एखाद्या मोठ्या घरातल्या माणसांसारखं वाटे, एकच वारा, आणि प्रत्येकाचं दार वेगळं. ताई बाजेवर बसून सगळं ऐकायची, पोटावर हात ठेवून. एकदा मी विचारलं, "आणि हा कसा घेतो?" ती म्हणाली, "हा माझ्यातून घेतो. माझ्या रक्तातून, नाळेतून. तोवर मीच त्याची खाडी." हे बोलून तिलाच हसू आलं.

आमची खुडूक कोंबडी तेव्हा अंड्यांवर बसली होती. आते अंडी तपासायची. अंधाऱ्या खोलीच्या दाराच्या भोकातून उन्हाची तिरीप यायची, तिच्यासमोर ती एकेक अंडं धरायची. आत लाल शिरांचं जाळं दिसायचं आणि बोथट टोकाला एक रिकामी जागा. "ही बघ पोकळी," आते म्हणायची, "पिल्लू फुटायच्या आधी हितं चोच घालून पयला श्वास घेतं. ही नसली तर आतच मरतं." ताई म्हणाली, "आते, अंड्याच्या कवचाला पण भोकं असतात, दिसत नाहीत एवढी बारीक." आतेने अंडं डोळ्याजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या बुकात असतील. माझी कोंबडी बिनभोकाची घालते." पण त्यानंतर आते अंड्यांना हात लावताना पदर पाण्यात भिजवून बोटांचं तेल आधी पुसायची, हे मी पाहिलं होतं.

ताई पौषात बाळंत झाली, चिपळूणच्या दवाखान्यात. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी रिक्षातून दोघींना घरी आणलं. बाळंतिणीची खोली आतेने महिनाभर आधीपासून तयार करून ठेवली होती. माजघरालगतची कोपऱ्यातली खोली, तिला एकच लहान खिडकी. खिडकीत चिंध्या कोंबून वर गोधडी खिळवली. दाराला घोंगडी. इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं, आमच्याकडे सगळ्यांच्याच बाळंतिणी अशा खोलीत राहायच्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, सकाळ-संध्याकाळ ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. पण त्या वर्षी एक नवी गोष्ट झाली. कौलातून धूळ पडते, पहाटेचं दव गळतं, पाल पडायची एखादी, म्हणून आतेने बाबांच्या मागे लागून सावर्ड्याच्या बाजारातून निळं प्लास्टिक आणवलं, आणि बाबांनी ते वाशांखाली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणून खिळे मारून बसवलं. खोली आतून एखाद्या डब्यासारखी दिसू लागली. येणाऱ्या बायका वर बघून म्हणायच्या, "काय बेस केलंव हो!" आते खूश.

तिची ही एवढी तयारी का, ते मला आईने पूर्वी एकदा सांगितलं होतं. आतेला एक मूल झालं होतं. अकरा दिवसांचं असताना गेलं. "वारं लागलं," असं सगळ्यांनी सांगितलं. आतेने त्या दिवशी पहाटे दार जरा उघडं ठेवलं होतं म्हणे. एवढंच. त्यावर कुणी कधी बोलत नसे, पण आमच्या घरातलं कुठलंही दार उघडं राहिलं की आते उठून लावायची, हातातला घास ठेवून.

चौथ्या दिवशी ताईचं डोकं दुखू लागलं. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा झाली, त्या संध्याकाळी तिला उलटी झाली. सुंठीचा काढा झाला, कपाळाला लेप झाला. आते म्हणाली, "न्हाणीत जाते तवा वारं घुसतंय." मी पाणी काढून द्यायला न्हाणीत असायची. मी वेगळंच बघत होते. न्हाणीला वरून अर्धं छप्पर, कुडाची भिंत, सगळीकडून वारा. तिथे जाताना ताई माझ्या खांद्यावर भार टाकून यायची, डोळे अर्धे मिटलेले. कढत पाण्याचे चार तांबे अंगावर पडेपर्यंत तिच्या गालावर रंग यायचा, ती बोलायला लागायची, एकदा तर म्हणाली, "शेवंते, आज तिसऱ्यांचं कालवण आहे ना? मला वास आला." आणि परत खोलीत गेली की तासाभरात पुन्हा तेच, डोकं जड, बोलणं जड. आतेच्या हिशेबात न्हाणीमुळे दुखणं येत होतं. माझ्या हिशेबात न्हाणीतच ते उतरत होतं. दोघी एकच बाई बघत होतो. सहाव्या दिवशी आतेने दाराच्या उंबऱ्याशी राहिलेली फटही जुन्या लुगड्याने बंद केली.

मी परसात जायची, परत यायची, घोंगडीला कान लावायची. बाबा जेवताना कंपनीतलं काहीतरी सांगायचे. त्यांच्याकडे टाकी धुवायला माणूस आत उतरवतात तेव्हा आधी झाकण उघडं टाकून वारा खेळवतात, आणि एक माणूस वर दोरी धरून बसतो. "त्यानं खाली उतरलेल्यावरनं नजर काढायची नाय. शिंक आली तरी नाय," हे त्यांनी कितीदा सांगितलं असेल. त्या दिवशी मी ताटावरून त्यांच्याकडे पाहिलं. बोलावं असं फार वाटलं. श्वास आत गेला आणि नेहमीसारखा तिथेच राहिला. बाबांनी विचारलं, "काय गो?" मी म्हटलं, "भात वाढू?"

सातव्या दिवशी दुपारी आते पडवीत शेजारणीकडून पोथी ऐकायला बसली आणि आई नदीवर गेली, तेव्हा मी विळा घेऊन माळ्यावर चढले. माळ्याच्या टोकाशी पोटावर सरकत गेलं की त्या खोलीचे वासे हाताला लागत. मी निळ्या प्लास्टिकला भिंतीच्या कडेने हातभर चीर दिली आणि वरची दोन कौलं सरकवली. चिरेतून जी गरम हवा माझ्या तोंडावर आली, ती मला अजून आठवते. ओव्याचा वास होता, आणि त्याच्याखाली वास नसलेलं असं काहीतरी जड. दुसऱ्या दिवशी ताई उठून बसली. अळिवाची खीर वाटीभर प्याली. आईने आंजर्ल्याच्या गणपतीला नवस बोलला होता, तिने तिथल्या तिथे हात जोडले. आते म्हणाली, "काढा लागू पडला." मला श्रेय नको होतं, मला फक्त ती चीर हवी होती.

पण दहाव्या दिवशी बाळ शिंकलं. एकदा, दोनदा, मग चारदा. नाक चोंदलं, दूध ओढता येईना, रडताना चेहरा लाल. आते सटपटली. खोलीभर हात फिरवून ती वारा कुठून येतो ते शोधू लागली, भिंतीला तळहात लावून, आंधळ्यासारखी. "हितं कुठंतरी वारो हाय. मना लागतोय. कुठनं येतोय गो? शेवंते, बघ जरा." मी बघितल्यासारखं केलं. उद्या अकरावा दिवस आहे, हे तिला माहीत होतं तसं मलाही माहीत होतं. मला पडवीतली बालदी आठवली. तिथेही मी असंच केलं होतं, कुणाला न विचारता, चांगलं करायचं म्हणून. मी कोण, चौथी पास, पुस्तकातला एक धडा वाचलेली. बाळाला काही झालं तर? मी माळ्यावर चढले, कौलं जागेवर बसवली आणि चिरेत चिंधी कोंबून घट्ट केली.

अकराव्या दिवशी थंडी जास्त होती. आतेने शेगडीत निखारे दुप्पट भरले. दुपारी जेवणं झाली. आई मागे भांडी घासत होती, आते खोलीच्या दाराशी घोंगडीला पाठ लावून बसली होती, राखणीला बसावं तशी. मी अंगणात कुळीथ पाखडत होते आणि कान खोलीकडे. बाळ मघापासून रडत होतं, ते थांबलं. झोपलं असेल. आते पुटपुटली, "निजलं माजं बाय." मी सूप खाली ठेवलं. झोपायच्या आधी बाळ हुंदके देतं, चुळबुळतं, असं एकदम थांबत नाही. मी दाराशी जाऊन हाक मारली, "ताई." आत काही नाही. "ताई!" आते म्हणाली, "गप, दोघी निजल्यात. घोंगडी हलवू नको."

आणि तेव्हा माझा श्वास पहिल्यांदा शब्द घेऊन बाहेर आला. मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. आई नंतर सांगायची की मी "पाटा काढा, पाटा काढा" असं ओरडत होते, आणि तिला कळेना कुठला पाटा. मी आतेला ओलांडून घोंगडी खेचली. ती खिळ्यांसकट आली. आत ताई बाजेवर तोंड किंचित उघडं ठेवून पडली होती, गाल गुलाबी, इतके गुलाबी की क्षणभर मलाच वाटलं बरी आहे. हलवलं तर मान लोंबली. बाळ तिच्या कुशीत मऊ पडलं होतं, भिजलेल्या कापडासारखं. मी बाळाला उचलून अंगणात धावले. आते माझ्या मागे, "अगो वारं! वारं लागंल!" माझा पदर ओढत होती. मी तिला ढकललं. आतेला ढकललं मी. आई धावत आली, मी बाळ तिच्या हातात दिलं, आत जाऊन विळ्याने खिडकीवरची गोधडी फाडली, शेगडी पायाने दाराबाहेर लोटली, बाजेला धरून ताईला ओढू लागले. ती बाज एकटीला हलण्यासारखी नव्हती. मग दुसरी बाजू हलली. वर बघितलं तर आते होती. तिने बाज उचलली आणि आम्ही ती अंगणात, उन्हात, वाऱ्यात नेऊन ठेवली.

बाळ आधी रडलं. बारीक, चिडून. ताईला वेळ लागला. शेजारच्या आळीतून रिक्षा येईपर्यंत तिने डोळे उघडले होते, पण ओळखत नव्हती. दवाखान्यात तिला नळीने प्राणवायू दिला. डॉक्टरीणबाईंनी आईला सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. बंद खोलीत निखाऱ्यांतून एक वायू निघतो, त्याला वास नाही की रंग नाही, तो रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. माणूस श्वास घेत राहतं आणि तरी घुसमटतं. एरवी तो कौलातून निघून जातो म्हणून आजवर कुणाला कळलं नसेल, या वेळी प्लास्टिकने तो अडवला, असंही म्हणाल्या. बाळाच्या सर्दीचं विचारलं तर हसल्या, "सर्दी बाळांना होतेच." साडेतीनच्या बसने बाबा घरी आले होते, त्यांना शेजाऱ्यांनी सांगितलं. आम्ही तीन दिवसांनी ताईला घेऊन परत आलो तेव्हा निळं प्लास्टिक जागेवर नव्हतं. बाबांनी एकेक खिळा उपटून काढला होता. माझ्या चिरेत कोंबलेली चिंधी त्यांनी खिडकीत ठेवली होती, घडी करून. जेवताना पहिला वाढलेला भात त्यांनी माझ्या ताटाकडे सरकवला.

सव्वा महिन्यानंतर आम्ही आंजर्ल्याला नवस फेडायला गेलो. आई, ताई, बाळ, आते आणि मी. कड्यावर देऊळ, खाली समुद्र. चढताना आतेला धाप लागली. आई आणि ताई नारळ घेऊन आत गेल्या. बाळाला घेऊन मी बाहेर दगडी कठड्याशी बसले, आते शेजारी. त्या दिवसापासून ती माझ्याशी फारसं बोलली नव्हती. टोमणाही मारला नव्हता, आणि ते मला जास्त जड जात होतं. समुद्रावरून वारा येत होता, पदर धरून ठेवावा लागत होता. आतेने सवयीने बाळाच्या तोंडावर दुपट्याचं टोक ओढलं. धाप बसेपर्यंत ती खालच्या लाटांकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली,

"तुज्या त्या बालदीतल्या कुर्ल्या. किती वेळात मेल्या गो?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, काशीकाकूसारखी. तिचे दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. तिच्या बाळाला काय झालं होतं ते मला माहीत नाही, तेव्हाही नव्हतं. तिच्या खोलीवर गवताचं छप्पर होतं, त्यातून वारा आत-बाहेर होत असेल, नसेलही. पण ती काय विचारते आहे ते मला कळलं. पहाटे उघडलेल्या दाराचा दोष तिने तीस वर्षं स्वतःकडे ठेवला होता. आता त्याच्या जागी तिने दुसरी गोष्ट ठेवली होती, की त्याआधी दिवसभर ते दार बंद होतं आणि बाळ त्या बंद खोलीतच घुसमटलं असेल, आणि ती अधिक वाईट होती.

मी म्हटलं, "आते, त्या आल्या तेव्हाच मेल्यासारख्या होत्या. काशीकाकूने खूप वेळ आधी काढलेल्या होत्या. माझ्या पाण्याने काही झालं नाही."

खोटं बोलले. त्या चांगल्या जिवंत होत्या. बालदीत सोडताना एकीने सुंभातूनही माझं बोट धरलं होतं, आणि ते मला अजून जाणवतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सरळ, न अडखळता बोललेलं वाक्य हेच असेल.

आते "हां" म्हणाली, नुसता श्वास सोडावा तसं. आणि हात पुढे करून तिने बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं. बाळाने वाऱ्याकडे तोंड वळवलं, डोळे मिचकावले, आणि शिंकलं. आतेचा हात उचलला गेला, अर्ध्यावर थांबला, आणि परत मांडीवर आला.